वाटा फुटतात थायमसमध्ये

१९६१ साली लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेत जॅक मिलर नावाचा तरुण संशोधक उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होता. हा कर्करोग एका विषाणूमुळे होई आणि त्याची सुरुवात थायमस ग्रंथीत होई. विषाणूला वाढायला ही ग्रंथीच लागते का, हे पाहण्यासाठी मिलरनं नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची थायमस काढून टाकली. कर्करोगाचा प्रश्न बाजूला राहिला आणि भलतंच काही समोर आलं. दूध सुटेपर्यंत पिल्लं बरी होती, मग ती खंगू लागली. त्यांच्या रक्तातल्या लिंफोसाइट पेशी फार कमी झाल्या होत्या आणि यकृतात संसर्गाच्या खुणा दिसत होत्या. मिलरनं या उंदरांना दुसऱ्या जातीच्या उंदरांची कातडी लावून पाहिली. धडधाकट उंदीर अशी परकी कातडी काही दिवसांत झिडकारतो. या उंदरांनी ती ठेवून घेतली, इतकंच काय, तिच्यावर परक्या रंगाचे केस भरघोस वाढले.

उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या जरा वर बसलेली ही दोन पाळ्यांची ग्रंथी तोवर निरुपयोगी मानली जात होती. प्रौढ प्राण्यात ती काढली तरी काही बिघडत नाही, हा अनुभव होता. परक्या अवयवांच्या स्वीकाराबद्दलच्या कामासाठी १९६० चं नोबेल मिळालेले पीटर मेडावर यांच्यासारखे जाणकारसुद्धा थायमसमधल्या लिंफोसाइट पेशींना फारसं महत्त्व द्यायला सुरुवातीला तयार नव्हते.

त्याआधी तर या ग्रंथीपायी मोठा अनर्थ झाला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीररचनेचा अभ्यास प्रामुख्यानं गोरगरिबांच्या मृतदेहांवर होई. उपासमारीनं, दीर्घ आजारानं थायमस आक्रसते. तीच आक्रसलेली थायमस डॉक्टरांना नेहमीची वाटू लागली. मग एखादं धष्टपुष्ट बाळ अचानक दगावलं आणि त्याची थायमस चांगली मोठी दिसली, की मृत्यूचं खापर तिच्यावर फुटे. अमेरिकेत १९०७ पासून पुढची काही दशकं हजारो बाळांच्या छातीवर क्ष-किरण सोडून निरोगी थायमस लहान करण्यात आल्या. त्यातल्या कित्येकांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. १९५० च्या सुमाराला हा संबंध उघड झाला आणि हे उपचार हळूहळू थांबले.

आज आपल्याला माहीत आहे, की टी पेशी नावाच्या लिंफोसाइट ज्या ग्रंथीत घडतात ती हीच. टी पेशी सगळ्या एकसारख्या नसतात. एचआयव्हीच्या उपचारात ज्या ‘सीडी४ काउंट’चं नाव कानावर पडतं, त्या पेशी इतर पेशींना मदत करतात, त्यांना चेतवतात. सीडी८ पेशी विषाणूनं ग्रासलेल्या पेशींना थेट मारतात. नियामक पेशी या दोघींना आवर घालतात. याशिवाय त्वचा, आतडं, यकृत अशा ठिकाणी ठाण मांडणारे छोटे गटही आहेत. या सगळ्या वाटा एकाच तऱ्हेच्या पूर्वज पेशींपासून फुटतात. सर्वांत विलक्षण गोष्ट अशी, की यातल्या बहुतेक वाटा फुटायला एकाही जंतूची गरज पडत नाही. पेशी आपल्याच शरीरातल्या प्रथिनांना किती घट्ट आणि किती वेळ धरून राहते, यावर तिचं बहुतेक भवितव्य ठरतं. जगातल्या असंख्य जंतूंशी लढणारी फौज बहुतांशी एकही जंतू न पाहता उभी राहते, हे मला प्रतिकारशक्तीच्या साऱ्या शास्त्रातलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं.

लहान मुलाच्या थायमसचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर दोन भाग लगेच वेगळे कळतात. बाहेरचा कॉर्टेक्स गडद जांभळा, पेशींनी खचाखच भरलेला. आतला मेड्युला फिकट, मोकळा, आणि त्यात अधूनमधून गुलाबी रंगाची, एकावर एक थर चढलेली गोल वेटोळी. त्यांना हॅसलची पिंडं म्हणतात. कॉर्टेक्समध्ये रोज प्रचंड संख्येनं पेशी मरतात, तरी कापात त्यांचा ढीग कुठे दिसत नाही. भक्षक पेशी त्यांना तत्काळ गिळून टाकतात. इथे एवढी मरतूक चालते याचा अंदाज त्यामुळे संशोधकांना नुसत्या डोळ्यांनी येणं शक्यच नव्हतं.

अस्थिमज्जेतून रक्तावाटे येणाऱ्या पूर्वज पेशी कॉर्टेक्स आणि मेड्युला यांच्या सीमेवर उतरतात. संख्येनं त्या अगदी थोड्या असतात. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी४ हे प्रथिन नसतं, सीडी८ नसतं, टी पेशीची ओळख सांगणारा रिसेप्टरही नसतो. अजून त्यांच्यापुढे इतर वाटा खुल्या असतात. त्यातल्या काही प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशीही होऊ शकल्या असत्या. थायमसच्या अस्तरातल्या पेशींवर डीएलएल४ नावाचं प्रथिन असतं. ते आलेल्या पेशीवरच्या नॉच१ या प्रथिनाला भिडतं आणि तो संकेत पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतो. ज्या उंदरांच्या पूर्वज पेशींमधून नॉच१ चं जनुक काढून टाकलं, त्यांच्या थायमसमध्ये टी पेशींऐवजी बी पेशी गोळा झालेल्या आढळल्या. एका स्पर्शानं पेशीचं कूळ ठरतं ते असं. पुढे बीसीएल११बी हे जनुक जागं झालं, की परतीची दारं बंद होतात.

यानंतर पेशी कॉर्टेक्सच्या बाहेरच्या कडेकडे सरकत जाते आणि स्वतःच्याच जनुकांवर कात्री चालवते. टी पेशीचा रिसेप्टर म्हणजे तिच्या पृष्ठभागावरचं पकड घेणारं प्रथिन. त्यासाठी एक सलग जनुक नसतं, सुटे तुकडे असतात. आरएजी१ आणि आरएजी२ ही दोन प्रथिनं मधला डीएनए कापून त्यातले काही तुकडे जोडतात. पत्ते पिसून प्रत्येक पेशीला वेगळा हात यावा, तसा प्रत्येक पेशीला वेगळा रिसेप्टर मिळतो. जनुकांचे तुकडे असे जुळतात हे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये प्रतिपिंडांच्या जनुकांत दाखवून दिलं होतं आणि त्यासाठी १९८७ चं नोबेल त्यांना मिळालं. टी पेशीच्या रिसेप्टरची जनुकं १९८४ मध्ये हाती लागली. जोड पक्की करताना मध्ये काही अक्षरं वाढवली जातात, काही गळतात, त्यामुळे शक्यतांना अंत राहत नाही. आणि बऱ्याचदा जोडच चुकते. जनुक वाचण्याची चौकट बिघडली, की प्रथिन तयारच होत नाही.

पहिली मोठी फाटाफूट इथे होते. पेशी रिसेप्टरच्या बीटा, गॅमा आणि डेल्टा या तीन साखळ्यांची जनुकं जवळजवळ एकाच वेळी जुळवत असते. गॅमा आणि डेल्टा आधी नीट जमल्या आणि त्यांनी जोरकस संकेत दिला, तर पेशी गॅमा-डेल्टा टी पेशी होते. बीटा आधी जमली, तर ती एका तात्पुरत्या जोडीदार साखळीबरोबर पृष्ठभागावर येते. हा अर्धवट रिसेप्टर कशाला चिकटतो का, हे इथे पाहिलं जात नाही. तो बनला एवढंच पुरेसं असतं. संकेत मिळताच पेशी भराभर विभागते, एका यशस्वी बीटा साखळीच्या पुष्कळ प्रती तयार होतात, आणि मग प्रत्येक पेशी आपापली अल्फा साखळी जुळवायला घेते. डेल्टाचं जनुक अल्फाच्या जनुकाच्या पोटातच बसलेलं असतं. अल्फाची जुळणी सुरू झाली, की डेल्टा कापून बाहेर टाकलं जातं. दुसऱ्या वाटेला वळण्याची शक्यता त्या पेशीच्या डीएनएमधूनच पुसली जाते.

गॅमा-डेल्टा पेशींचं एक वैशिष्ट्य सांगायलाच हवं. उंदराच्या गर्भात या पेशी लाटांमागून लाटा याव्यात तशा ठरावीक क्रमानं तयार होतात. पहिली लाट जाते ती थेट त्वचेत, आणि जन्मभर तिथेच राहते. जखम भरून यायला ती मदत करते. पुढच्या लाटा इतर अवयवांत जातात. म्हणजे थायमसचं वय काय आहे, यावरही पेशीची वाट ठरते.

अल्फा-बीटाची वाट धरलेल्या पेशींवर आता सीडी४ आणि सीडी८ दोन्ही आलेली असतात. या दुहेरी पेशींचीच कॉर्टेक्समध्ये दाटी असते. फ्लो सायटोमीटर या यंत्रातून तरुण उंदराची थायमस तपासली आणि सीडी४ एका अक्षावर, सीडी८ दुसऱ्या अक्षावर मांडलं, तर पडद्यावर चार कोपरे दिसतात. दुहेरी पेशींचा ठिपक्यांचा दाट ढग एका कोपऱ्यात, जवळपास ८० टक्के. उरलेल्या तीन कोपऱ्यांत विरळ ठिपके: दोन्ही नसलेल्या, फक्त सीडी४ असलेल्या, फक्त सीडी८ असलेल्या. प्रतिकारशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला हे चित्र पाठ असतं. एखाद्या जनुकात फेरफार केलेल्या उंदराचं चित्र समोर आलं, की कोणता कोपरा रिकामा झाला यावरून वाट कुठे अडली ते कळतं.

दुहेरी पेशीकडे तीन-चार दिवस असतात. तिच्या आसपासच्या अस्तरपेशी आपल्या एमएचसी नावाच्या रेणूंवर शरीरातल्याच प्रथिनांचे बारीक तुकडे धरून उभ्या असतात. ही एमएचसी टी पेशींसाठी का महत्त्वाची, हे कॅनबेरात रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवलं: टी पेशी विषाणूला एकटं ओळखत नाही, स्वतःच्या शरीराच्या एमएचसीवर ठेवलेल्या त्याच्या तुकड्याला ओळखते. १९९६ चं नोबेल या शोधासाठी होतं. त्यामुळे ज्या पेशीच्या रिसेप्टरला स्वतःची एमएचसी धरताच येत नाही, तिचा शरीराला काहीच उपयोग नाही. अशा पेशींना कुणी मारत नाही. संकेत न मिळाल्यामुळे त्या आपोआप मरतात. बहुसंख्य पेशींचा शेवट हाच. उंदराच्या थायमसमध्ये रोज सुमारे ५ कोटी नव्या पेशी तयार होतात आणि जेमतेम १० ते २० लाख बाहेर पडतात.

ज्यांची पकड हलकी पण खरी असते, त्या वाचतात. आणि वाचतानाच सीडी४ व्हायचं की सीडी८, हे ठरतं. एमएचसीचे दोन प्रकार आहेत. सीडी८ पहिल्या प्रकाराला चिकटतं, सीडी४ दुसऱ्याला. दुसऱ्या प्रकारची एमएचसी नसलेल्या उंदरांत सीडी४ पेशी जवळपास तयारच होत नाहीत. पहिला प्रकार पृष्ठभागावर येऊ दिला नाही, तर सीडी८ पेशी नाहीशा होतात. म्हणजे रिसेप्टरची आवड आणि पेशीचा प्रकार यांचा मेळ बसतो. पण पेशीवर तर दोन्ही प्रथिनं आहेत. आपला रिसेप्टर कोणत्या एमएचसीला धरून आहे, हे तिला उमगतं कसं?

या एका प्रश्नावर संशोधक वर्षानुवर्षं भांडले. काहींच्या मते पेशी नाणेफेक केल्यासारखी कोणतंही एक प्रथिन सोडून देते आणि चुकीची निवड करणारी मरते. काहींच्या मते संकेताच्या जोरावरून ठरतं: सीडी४ आतल्या बाजूनं एलसीके या संकेतवाहक प्रथिनाला जास्त घट्ट धरून ठेवतं, तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या एमएचसीकडून येणारा संकेत जोरदार असणार. मला सर्वांत पटणारं उत्तर अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या आल्फ्रेड सिंगर यांच्या गटानं दिलं. त्यांच्या मते संकेत मिळालेली प्रत्येक दुहेरी पेशी, ती पुढे कुणीही होणार असो, आधी सीडी८ ची निर्मिती थांबवते. मग ती जणू थांबून पाहते. सीडी८ कमी झाल्यावरही संकेत चालूच राहिला, तर तो सीडी४ च्या मदतीनं येतो आहे हे उघड, आणि पेशी सीडी४ होते. संकेत मंदावला, तर तो सीडी८ वर अवलंबून होता. अशा वेळी आयएल-७ हे द्रव्य पेशीला तगवतं. ती सीडी४ बंद करते आणि सीडी८ पुन्हा सुरू करते. पेशी आपल्या हातातली एक गोष्ट काढून घेऊन परिणाम तपासते. एखाद्या चोख प्रयोगाची हीच तर रीत.

या निर्णयावर शिक्कामोर्तब कोण करतं, हे उंदरांच्या एका जातीनं दाखवलं. फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस केंद्रात दीटमार कापेस यांच्या प्रयोगशाळेत असे उंदीर आढळले, की ज्यांच्यात सीडी४ पेशी जवळजवळ नव्हत्याच. तपासल्यावर कळलं, की सीडी४ व्हायला हव्या होत्या त्या पेशी सीडी८ झाल्या होत्या. २००५ मध्ये कारण सापडलं: थ-पॉक या प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदललेलं होतं. उलट, थ-पॉक सगळ्याच पेशींत चालू ठेवलं, तर सीडी८ व्हायच्या पेशीही सीडी४ होतात. सीडी८ च्या बाजूनं रन्क्स३ हे प्रथिन उभं असतं आणि ही दोघं एकमेकांना दाबतात. म्हणून अधलीमधली पेशी सहसा शिल्लक राहत नाही.

मेड्युलात पोचलेल्या पेशीला आता निराळ्या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं: ती आपल्याच शरीरावर उलटेल का? स्वादुपिंडातलं इन्सुलिन किंवा थायरॉइडचं प्रथिन छातीतल्या ग्रंथीत मिळणार कुठून? याचं उत्तर फिनलंडमध्ये तुलनेनं जास्त आढळणाऱ्या एका दुर्मीळ आनुवंशिक आजारातून मिळालं. त्यात पॅराथायरॉइड आणि अधिवृक्क ग्रंथींवर शरीर स्वतःच हल्ला करतं, बुरशीचा संसर्ग हटत नाही. १९९७ मध्ये त्यामागचं एआयआरई हे जनुक सापडलं, आणि २००२ मध्ये डायन मॅथिस आणि क्रिस्तोफ बेनवा यांच्या गटानं ते काय करतं ते दाखवलं. मेड्युलातल्या अस्तरपेशी या जनुकाच्या मदतीनं शरीरभरच्या अवयवांची हजारो प्रथिनं थोड्या थोड्या प्रमाणात स्वतःच बनवतात. अलीकडे तर असंही दिसलं आहे, की त्यातल्या काही पेशी स्नायूच्या, आतड्याच्या, त्वचेच्या पेशींचं बऱ्यापैकी हुबेहूब रूप घेतात. या प्रथिनांना जी टी पेशी फार घट्ट धरते, तिला मरण येतं.

पण सगळ्याच घट्ट पकडीच्या पेशी मरत नाहीत. काही नियामक होतात. १९६९ मध्ये जपानमध्ये यासुआकी निशिझुका आणि तेरुयो साकाकुरा यांनी तीन दिवसांच्या मादी पिल्लांची थायमस काढली, तेव्हा त्यांचे अंडाशय नष्ट झाले. थायमस नसेल तर प्रतिकार दुबळा व्हायला हवा. इथे तो स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडला होता. शिमोन साकागुची यांनी या कोड्याचा पिच्छा सोडला नाही. आवर घालणाऱ्या टी पेशी ही कल्पना त्या काळात बदनाम झाली होती, तरी ते तिच्याशी चिकटून राहिले आणि १९९५ मध्ये सीडी२५ हे चिन्ह असलेल्या सीडी४ पेशी म्हणजेच त्या पेशी, हे त्यांनी दाखवलं. दुसऱ्या टोकाला अमेरिकेत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल ‘स्कर्फी’ नावाच्या उंदरांच्या मागे होते. १९४० च्या दशकात ओक रिजच्या प्रयोगशाळेत आपोआप उद्भवलेली ही जात. तिच्यातले नर कातडीला खपल्या धरून काही आठवड्यांत मरत. एक्स गुणसूत्राचा लांबलचक तुकडा चाळून २००१ मध्ये त्यांनी दोषी जनुक शोधलं, फॉक्सपी३. हेच जनुक बिघडलं, की मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, जुलाब, त्वचारोग असा एकत्र आजार होतो. नियामक पेशी घडवणारं जनुक ते हेच, हे २००३ मध्ये स्पष्ट झालं. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं. इतक्या वर्षांच्या चिकाटीची अशी दखल घेतली गेली, याचा आनंद वाटतो.

म्हणजे पकड मुळीच नाही तर मरण, हलकी असेल तर सीडी४ किंवा सीडी८, जास्त घट्ट असेल आणि आयएल-२ या द्रव्याची साथ मिळाली तर नियामक, आणि फारच घट्ट तर पुन्हा मरण. या पट्ट्यातल्या सीमा धूसर आहेत. जवळपास सारखीच पकड असलेल्या दोन पेशींपैकी एक मरते आणि दुसरी नियामक होते, असंही घडतं. काही पेशी तर या पट्ट्यातच बसत नाहीत. एनकेटी नावाच्या टी पेशींची निवड अस्तरपेशी करत नाहीत. दुहेरी पेशीच एकमेकींना सीडी१डी या रेणूवर मेदाचे अंश दाखवतात आणि त्यातून या पेशी निघतात. त्या थायमसमधून बाहेर पडतात तेव्हाच तत्काळ कामाला लागायच्या तयारीत असतात.

थायमसचं हे काम लहानपणी जोरात चालतं. वयात आल्यावर ग्रंथी आक्रसत जाते, तिची जागा चरबी घेते. मुलांमधल्या तीव्र कुपोषणातही ती झपाट्यानं लहान होते, कारण दुहेरी पेशी शरीरावरच्या ताणाला, विशेषतः कॉर्टिसोल या संप्रेरकाला, फार लवकर बळी पडतात. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारमधल्या कुपोषणाच्या बातम्या वाचताना वजनाचे आकडे समोर येतात. अशा मुलांच्या शरीरात संसर्गाशी लढणाऱ्या पेशींचं उगमस्थानच आटत असतं, हे त्या आकड्यांत दिसत नाही. पोटभर आहार मिळाला तर थायमस पुन्हा वाढते, पण वजन भरून येतं त्याहून तिला जास्त वेळ लागतो.

बाळाच्या हृदयावर शस्त्रक्रिया करताना थायमस वाटेत येते, म्हणून तिचा बराचसा भाग काढावा लागतो. हा भाग पूर्वी टाकून दिला जाई. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात लुईझ मार्कर्ट यांनी तो प्रयोगशाळेत काही दिवस जोपासून, जन्मतःच थायमस नसलेल्या बाळांच्या मांडीच्या स्नायूत त्याचे पातळ काप बसवायला सुरुवात केली. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या उपचाराला मान्यता दिली. बाळाच्या स्वतःच्या अस्थिमज्जेतल्या पूर्वज पेशी मांडीतल्या त्या परक्या थायमसमध्ये शिरतात आणि तिथे त्यांच्या वाटा फुटतात. पुरेशा टी पेशी रक्तात यायला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं. तोवर बाळाला संसर्गापासून दूर, अतिशय जपून ठेवावं लागतं.